सीटी स्कॅन साफ आहे, मग दादा पूर्वीसारखा का नाही?

धाकटी

नमस्कार. इथे लिहावं की नाही, हे आठवडाभर ठरत नव्हतं.

माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट होतं, कवटीला तडासुद्धा गेला नाही, पण अकरा दिवस शुद्धीवर नव्हता. पहिला सीटी झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले की मोठा रक्तस्राव नाही, ऑपरेशन लागणार नाही. आम्ही त्या दिवशी सुटलो असं समजून रडलो होतो.

आता दादा जागा आहे, आम्हांला ओळखतो, नावाने हाक मारतो. पण शर्ट घालायला घेतला की एका बाहीत हात घालून तसाच थांबतो. पुढे काय करायचं ते त्याला सापडतच नाही. मी सकाळपासून शेजारी बसलेली असते आणि दुपारी तो विचारतो, "तू कधी आलीस?" प्रश्न विचारला की उत्तर येतं, पण इतक्या उशिरा की तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. मग दादा चिडतो. तो चिडणारा माणूस नव्हता हो.

माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. तिच्या स्कॅनवर अंगठ्याएवढा काळा डाग आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. बाकी ती आहे तशी आहे. सगळ्यांचे हिशेब तिच्या तोंडावर असतात.

म्हणजे जिच्या मेंदूला भोक पडलंय ती शाबूत आणि ज्याचा स्कॅन साफ तो असा. हे कसं? फाइलवर 'डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी' असं लिहिलंय. डॉक्टरांनी सांगितलं, मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही. मेंदूला मार लागतो म्हणजे आत नक्की होतं काय?

सोबत

धाकटी, धीर धरा. माणूस मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. बाकीचा राखीव असतो, तो हळूहळू कामाला लागेल. आमची सगळ्यांची प्रार्थना आहे.

काचपट्टी

धाकटी, मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षं काढली, त्यातली चौदा मेंदूच्याच विभागात. शवविच्छेदनानंतर आलेला मेंदू तयार करणं, डॉक्टर तो कापत असताना शेजारी उभं राहून चकत्या मांडणं, त्यातले तुकडे मेणात बसवून काचपट्टीवर घेणं आणि रंगवणं, हे माझं काम होतं. तुम्ही विचारलेला प्रश्न मला माझ्या दुसऱ्याच वर्षी पडला होता. म्हणून जे पाहिलंय ते सांगते.

आधी 'सोबत' यांच्याबद्दल. तुमचा हेतू चांगला आहे, पण ते दहा टक्क्यांचं खरं नाही, आणि या ताईंना त्याचा आधार द्यायला नको. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि आपण घेतो त्यातला जवळजवळ वीस टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. राखून ठेवलेल्या अवयवाला एवढं लागत नाही. सगळा मेंदू कामात असतो. म्हणून तर कुठेही धक्का लागला तरी काही ना काही जातं.

आता मेंदू हाताला कसा लागतो ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताजा मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने पसरायला लागतो. तो तसाच कापता येत नाही. आम्ही त्याच्या बुडाशी असलेल्या धमनीखालून दोरा ओवायचो आणि फॉर्मालिनच्या बादलीत उलटा टांगून ठेवायचो, म्हणजे तळाला टेकून चपटा होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तो घट्ट होतो, मग साधारण सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या पडतात. चकतीत दोन रंग दिसतात. कडेने राखाडी पट्टी, आत पांढरा भाग. राखाडीत पेशींची मुख्य शरीरं असतात. पांढऱ्यात त्यांच्या तारा, म्हणजे ॲक्सॉन. एकेक तार केसाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास जाड, पण लांबी काही सेंटिमीटर, आणि कण्यात उतरणाऱ्या तारांची तर हात-दीड हात.

तुमच्या आईंच्या मेंदूत जे झालं ते चकतीवर लांबूनही दिसतं. एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि तिच्यावर जगणारा तेवढा भाग मेला. हृदयाचा स्नायू मेला तर तिथे घट्ट वण तयार होतो. मेंदू तसं करत नाही, तो विरघळतो. सफाई करणाऱ्या पेशी येतात, मेलेलं सगळं खाऊन फुगतात, काही आठवड्यांत-महिन्यांत ते उचलून नेतात. मागे एक पोकळी उरते, तिच्यात पाण्यासारखा द्रव आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे चार धागे. कडेला ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींनी बांधून काढलेला बांध. तो काळा डाग म्हणजे ही पोकळी. गेलं ते गेलं, पण बांधाच्या पलीकडचा मेंदू धडधाकट असतो आणि एकमेकांशी जोडलेलाही असतो. हाताच्या तारा त्या भागातून जात होत्या म्हणून हात गेला. हिशेब दुसरीकडे होते, ते राहिले.

आता दादासारखा मेंदू. मला ती पहिली केस अजून आठवते. तरुण माणूस, वाहनाचा अपघात, काही महिने अंथरुणाला खिळून मग न्यूमोनियाने गेलेला. डॉक्टरांनी चकत्या मांडल्या आणि मला काहीच दिसलं नाही. राखाडी पट्टी सगळीकडे सलग. मी म्हटलं, सर, हा तर चांगलाय. त्यांनी बोटाने मधला पूल दाखवला. दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणारा तारांचा जाड पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम. त्यात टाचणीच्या टोकाएवढे दोन तपकिरी ठिपके होते. बस. डॉक्टर म्हणाले, आता काचपट्टी बघ.

चांदीच्या क्षारांनी रंगवलं की ॲक्सॉन काळ्या रेघांसारखे उठून दिसतात. निरोगी पांढऱ्या भागात त्या शेजारी शेजारी धावताना दिसतात, पाण्यात सोडलेल्या केसांसारख्या. त्या काचपट्टीवर रेघा विरळ झालेल्या. उरलेल्यांतल्या कितीतरी मध्येच थांबलेल्या, आणि थांबल्या तिथे टोकाला एक गोल गोळा. सरकवत गेले तर दुसऱ्या तुकड्यात तेच, तिसऱ्यात तेच. राखाडी भागातल्या पेशी बऱ्याचशा जागेवर होत्या. फक्त त्या एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या.

हेच दादाला झालंय, कमी-जास्त प्रमाण फक्त वेगळं. डोकं नुसतं आपटलं म्हणून नव्हे, वेगाने गरकन फिरलं म्हणून. कवटी थांबते, आतला मऊ मेंदू फिरत राहतो, राखाडी आणि पांढरा भाग सारख्या गतीने फिरत नाहीत आणि तारा ताणल्या जातात. सावकाश ताण दिला तर ॲक्सॉन चांगला लांबतो. झटक्यात दिला तर त्याच्या आतला सांगाडा कडक काडीसारखा मोडतो. हेल्मेटने कवटी वाचवली, आणि खरं तर जीवही. हा फिरण्याचा झटका ते पूर्ण थांबवू शकत नाही.

साध्या सीटीवर रक्त दिसतं, सूज दिसते, पोकळी दिसते. ताणली गेलेली तार दिसत नाही. ऑक्सफर्डमध्ये सबिना स्ट्रिच नावाच्या डॉक्टरांनी १९५६ मध्ये अशा पाच रुग्णांचे मेंदू तपासून पांढऱ्या भागातला हा विध्वंस पहिल्यांदा नीट मांडला. तेव्हा सीटी नव्हताच. आज आहे, तरी या बाबतीत तो तोकडाच पडतो. एमआरआय बरा, त्यातही रक्ताचे सूक्ष्म ठिपके टिपणारा एक वेगळा प्रकार असतो, त्याला एसडब्ल्यूआय म्हणतात. झाला नसेल तर विचारा. उपचार त्याने बदलतील असं नाही, पण तुम्हांला काय झालंय ते दिसेल.

आणि तो बाहीत अडकलेला हात. शर्ट घालणं म्हणजे मेंदूच्या पाच-सहा जागांनी एकमेकांना निरोप देत केलेलं काम. पुढचा भाग क्रम लावतो, मागचा बाही कुठे आहे ते सांगतो, आणखी कोणी हात हलवतो. प्रत्येक जागा शाबूत असली तरी निरोप वाटेत रेंगाळला की माणूस तिथेच थांबतो. उत्तर उशिरा येतं ते यामुळेच. तो विसरभोळा किंवा हट्टी झाला नाहीये. कृपा करून घरातल्या प्रत्येकाला हे सांगा.

धाकटी

काचपट्टी ताई, मी हे दोनदा वाचलं आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तुमच्या त्या पोकळीबद्दल ऐकून गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाहीचं त्याच्या बायकोला सांग आधी."

एक विचारते. दादा पडला तिथे चाळीस मिनिटं रस्त्यावरच होता. तारा त्याच क्षणी तुटल्या की नंतर? आम्ही लवकर पोहोचलो असतो तर...

काचपट्टी

खरं ते सांगते. त्या क्षणी अगदी थोड्याच तारा तुटतात. पूर्वी सगळ्या तेव्हाच तुटतात असं मानायचे. आता माहीत आहे की बहुतेक तारा नंतर तुटतात, काही तासांत, काही दिवसांत.

ॲक्सॉन म्हणजे नुसती वीज वाहणारी तार नाही, आत वाहतूकही चालते. पेशीच्या शरीरात बनलेला माल टोकापर्यंत जावा लागतो, वेगवान माल दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो. ताणामुळे आतले रूळ मोडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. पेशीत कॅल्शियम फार मोजून मापून ठेवलेलं असतं. ते मोकाट सुटलं की पेशीची स्वतःचीच कापणारी रसायनं जागी होतात आणि सांगाडा आतून कुरतडतात. माल मोडक्या रुळापाशी साचत जातो, तार तिथे फुगते आणि शेवटी तिथेच सुटते. ते गोळे म्हणजे हा साचलेला माल. आम्ही एका विशिष्ट प्रथिनासाठी रंग द्यायचो, त्यात अपघातानंतर काही तासांतच हा साठा तपकिरी दिसायला लागतो.

पण ही पडझड थांबवणारं औषध आजही कोणाकडे नाही. तुम्ही चाळीसऐवजी दहा मिनिटांत पोहोचला असतात तरी ताणलेल्या तारा ताणलेल्याच राहिल्या असत्या. वेळेचा संबंध दुसऱ्या गोष्टींशी असतो, श्वास आणि रक्तदाबाशी. त्याबद्दल इथे माझ्याहून जास्त माहिती असलेलं कोणीतरी असेल.

रात्रपाळी

मी न्यूरो आयसीयूत सतरा वर्षं नर्स आहे, मी सांगते.

धाकटी, मार लागतो तो एकदा. त्यानंतरचं नुकसान आमच्या डोळ्यांदेखत होऊ शकतं आणि आमची सगळी धडपड ते टाळण्याची असते. कवटी हा बंद डबा. त्यात मेंदू, रक्त आणि पाणी एवढंच मावतं. सूज आली की आधी पाणी आणि रक्त बाहेर सरकतं, ती जागा संपली की दाब एकदम चढतो. दाब चढला की ताजं रक्त आत शिरू शकत नाही, आणि मग मार न लागलेला भागही उपाशी मरतो. अशा वेळी पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन ओततात, ते शेजारच्या पेशींना इतकं उत्तेजित करतं की त्यांच्यातही कॅल्शियम घुसतं. एक मरताना शेजारणीला ओढून नेते.

म्हणून बेडचं डोकं तीस अंश वर. मान सरळ, पट्टा गळ्याला आवळलेला नको, नाहीतर शिरांतून रक्त खाली उतरत नाही. ताप एक अंशही वाढू द्यायचा नाही. वरचं ब्लड प्रेशर १९९३ च्या एका मोठ्या पाहणीत एकदाच ९० च्या खाली गेलं तरी गंभीर जखमींत मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलेलं दिसलं. मी नव्या मुलींना हाच आकडा पहिल्या दिवशी सांगते.

तुमच्या दादाला आणलं तेव्हा ऑक्सिजन किती होता आणि प्रेशर किती, हे केसपेपरवर पहिल्याच पानावर असेल. ते बघा. ठीक असेल तर त्या चाळीस मिनिटांचं ओझं खाली ठेवा.

एक अजून. सूज उतरायला स्टेरॉइड का दिलं नाही, असं नातेवाईक आम्हांला नेहमी विचारतात. पूर्वी देत होते. मग दहा हजारांहून जास्त रुग्णांवर 'क्रॅश' नावाची चाचणी झाली, २००४ मध्ये निकाल आला, आणि स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. डोक्याच्या माराला आता देत नाहीत. कुणी सुचवलं तर मनाला लावून घेऊ नका.

पुन्हा_सायकल

मला नऊ वर्षांपूर्वी हेच झालं होतं. जास्त लिहीत नाही, स्क्रीनकडे फार वेळ बघितलं की अजून थकतो.

दादाच्या बाजूने एक सांगतो. थकवा येतो तो झोप न झाल्यासारखा नसतो. तीन माणसं एकदम बोलायला लागली की सगळे आवाज सारख्याच मोठ्याने येतात, त्यातला कुठला ऐकायचा ते निवडता येत नाही. मग मी ओरडायचो. राग त्यांच्यावर नसायचा. खोलीत एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद, एक प्रश्न, मग मनात दहापर्यंत आकडे. माझ्या बहिणीने हे आकडे मोजणं शोधून काढलं होतं. उत्तर बहुतेक वेळा सात-आठच्या सुमाराला यायचं.

पहिल्या सहा महिन्यांत भराभर फरक पडला. नंतर हळू, पण दुसऱ्या वर्षातही पडत होता. सायकल अकराव्या महिन्यात चालवली, गच्चीवर.

धाकटी

पुन्हा_सायकल, आज दहापर्यंत मोजलं. नवाला उत्तर आलं.

केसपेपर बघितला. ऑक्सिजन ९६, प्रेशर ११८. रात्रपाळी ताई, मी तो कागद हातात धरून जिन्यातच बसले थोडा वेळ.

अजून एक भीती आहे, ती विचारून टाकते. तुटलेल्या तारा परत येतात का? आणि नात्यातले एक काका म्हणाले की डोक्याला मार लागलेल्यांना पुढे अल्झायमर होतो. आधीच इतकं विसरतोय तो.

काचपट्टी

९६ आणि ११८. फार बरं वाटलं.

तुटलेली तार परत येत नाही. हाताच्या नसेतली तार तुटली तर दिवसाला मिलिमीटरभर वाढत पुन्हा बोटापर्यंत जाऊ शकते. मेंदूतली तसं करत नाही, तिथलं वातावरणच वाढू देत नाही. पण दादाच्या सगळ्या तारा तुटलेल्या नाहीत, नाहीतर तो तुम्हांला नावाने हाक मारू शकला नसता. काही फक्त सुजल्या होत्या, त्या सावरतात. काहींचं वरचं आवरण गेलं असेल, ते पुन्हा चढतं. आणि ज्या शाबूत आहेत त्यांना नवे फाटे फुटतात, निरोप लांबच्या वाटेने जायला शिकतो. ते शिकणं सरावाने होतं, म्हणून शर्ट त्यालाच घालू द्या, कितीही वेळ लागो. सायकलवाल्यांचं दुसरं वर्ष हेच आहे.

अल्झायमर वेगळा आजार आहे. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जी केस सांगितली त्यातही चांदीचाच रंग वापरला होता, पण दिसलं ते निराळं: पेशींच्या आत गुंतवळ आणि बाहेर चिकट थापे. तो आजार स्मृतीच्या दारापाशी सुरू होतो, हिप्पोकॅम्पस या आठवणी जमवणाऱ्या भागाच्या शेजारी, आणि वर्षानुवर्षं पसरत जातो. दादाचं नुकसान झालं आणि त्याचा उतार सुरू झाला. अल्झायमरमध्ये चढच असतो. दोन्हींत माणूस 'कधी आलीस?' विचारतो, म्हणून लोकांना एकच वाटतं.

आजार मेंदूत किती निवडून मारतो याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं. मेंदूच्या देठात वरच्या बाजूला एक काळी रेघ असते, उघड्या डोळ्यांना दिसणारी. कंपवाताच्या रुग्णात ती फिकट झालेली असते, शेजारचं सगळं जसंच्या तसं. हात थरथरायला लागतो तेव्हा तिथल्या डोपामिन नावाचं निरोपाचं रसायन बनवणाऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास आधीच गेलेल्या असतात. हर्पीसचा विषाणू मेंदूत शिरला तर कानशिलामागचा भाग गाठतो. हृदय थांबून सगळ्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तर हिप्पोकॅम्पसमधला एक पट्टा मरतो, तोही लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी. आम्ही त्या काचपट्ट्या शेजारी शेजारी ठेवायचो.

काकांचं म्हणणं अगदी निराधार नाही, ते लपवत नाही. मोठा मार लागलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण काहीसं जास्त आढळतं. पण बहुतेकांना होत नाही. खरा धोका पुन्हा पुन्हा मार बसण्यात आहे. मुष्टियोद्ध्यांचे मेंदू खराब होतात हे १९२८ पासून लिहिलेलं आहे. म्हणजे दादाने आता पडायचं नाही. तोल अजून कच्चा असेल, तर न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री जिन्यात दिवा राहू द्या, मोटरसायकल डॉक्टर सांगेपर्यंत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच जपा.

रात्रपाळी

त्याला जोडून: डोकं पुन्हा आपटलं आणि नंतर डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, झोपाळूपणा वाढला किंवा एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच निघायचं.

धाकटी

एसडब्ल्यूआय झाला. डॉक्टरांनी स्क्रीनसमोर खुर्ची दिली. मधल्या पुलावर तीन काळे ठिपके आहेत, चौथा उजवीकडे, राखाडी आणि पांढऱ्याच्या सीमेवर. देठात काही नाही. मी विचारलं, "तारा ठिपक्यांच्या आजूबाजूला असतील ना?" ते वळून बघायला लागले, म्हणाले, हे कुणी सांगितलं तुम्हांला.

देठात नाही हे चांगलं, असंही म्हणाले.

दादाला स्क्रीन बघायची होती, दाखवली. खूप वेळ बघत होता. मी मनात मोजत होते, पंधराच्या पुढे गेले. मग म्हणाला, "एवढेसेच?"

शर्ट काल दोन्ही बाह्यांत गेला. बटणं वहिनीने लावली.